एका अर्जाला एक पोतं

रिकाम्या पोत्यात तोंड घालून एक श्वास घेतला की त्यात आधी काय भरलं होतं ते सांगता आलं पाहिजे, ही अप्पांच्या घरातली पहिली इयत्ता. तुरीच्या पोत्याला उन्हात वाळलेल्या सालीचा वास. गुळाचं पोतं आंबूस, आणि त्याच्या शिवणीत मेलेल्या मुंग्या. करडईचं पोतं हातालाच कळायचं, नाक लागायचं नाही. मिरचीच्या पोत्यात मात्र नव्या पोराला मुद्दाम तोंड घालायला लावायचे. मलाही लावलं. मी दिवसभर शिंकत होतो आणि सगळं घर हसत होतं. अक्का तेवढी समोर हसली नाही. तिनं बोटावर तूप घेऊन माझ्या नाकाला लावलं, आत गेली, आणि मग हसली. ते मला ऐकू आलं होतं. त्या रागात मी संध्याकाळपर्यंत एकट्यानं शंभर पोती झटकली आणि अप्पा ओट्यावरून म्हणाले, "ह्याला रोज मिरची द्या."

कानडी-मराठी सीमेवरच्या हुलसूरला अप्पांचा बारदान्याचा धंदा होता. म्हणजे खेडोपाडी फिरून रिकामी पोती विकत घ्यायची, झटकायची, निवडायची, शिवायची आणि सुगीच्या तोंडावर विकायची. ऐकणाऱ्याला वाटतं यात धंदा तो काय. पण धान्याला भाव काय येईल याचा विचार शेतकरी चार महिने करतो आणि ते भरायला पोतं लागतं हे त्याला रास झाल्यावर आठवतं. अप्पांचं सगळं घर त्या विसरण्यावर चालत होतं. अप्पा आणि अक्का हे नवराबायको लिंगायत, बसवण्णांना मानणारे, घरात कानडी बोलणारे आणि बाजारात मराठी. आम्ही ठाणाकुशनूरचे मराठे, वडील तुरीसाठी दर साल त्यांच्याकडून पोती न्यायचे, एवढीच ओळख. सातवी झाल्यावर वडिलांनी मला त्यांच्या ओट्यावर आणून बसवलं.

"पोरगं चलाख हाय," वडील म्हणाले, "पण तापट हाय."

"असू द्या. पोतं झटकायला राग कामाला येतो."

वडिलांची एकच अट होती, शाळा सुटायची नाही. अप्पांचीही एकच होती. "माझ्या घरची भाकर खातोय तवर सोताचा धंदा करायचा न्हाई." दोघांनी सुपारी फोडली आणि लिहून काही घेतलं नाही. पुढं जे झालं ते सगळं त्या अटीतल्या शब्दांवरून झालं असं मी पुष्कळ वर्षं मानत होतो.

अप्पांच्या घरची रीत अशी होती की पोराला पगार नाही. घरच्यासारखं जेवण, सालाला दोन कपडे, दुखलंखुपलं तर औषध. पाचसहा सालं झाली, हात बसला, की दिवाळीच्या पाडव्याला अप्पा त्या पोराला दुसऱ्या गावात गादी घालून द्यायचे. त्याच गावात नाही, कारण एका गावात दोन बारदानेवाले म्हणजे दोघं उपाशी. जागा स्वतः बघायचे, पहिल्या सालाचं भाडं भरायचे, गाडीभर पोती द्यायचे आणि आपल्या हातानं कापसाची गादी अंथरून तिच्यावर पांढरी चादर ओढायचे. मग ओट्यावरून खाली उतरून गिऱ्हाईक म्हणून पुन्हा वर चढायचे आणि भावावरून कडाकडा भांडायचे. पोरानं नमायचं नाही. नमला तर अप्पा चादर गोळा करून परत नेतात, अशी भीती मोठी पोरं आम्हाला घालायची. माझ्याआधी सायबण्णा भालकीला बसला आणि मैनोद्दीन बसवकल्याणला. दोघांच्याही गाद्या मी डोक्यावर वाहून नेल्या. मैनोद्दीनच्या दुकानातून परत येताना मान अवघडली होती, पण मनात एकच होतं की आता माझी.

त्या घरातली सकाळ मला अजून ऐकू येते. अप्पा आणि अक्का तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, तेवढा वेळ घरात फक्त माळवदावरची कबुतरं बोलायची. पूजा संपली की परसात पोती झटकायला सुरुवात. दोन पोरं समोरासमोर, हातात शिंदीच्या काठ्या, धप् धप्, आणि उन्हाच्या तिरिपेत धुळीचा खांब उभा. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, पुंडीची आंबट भाजी, वर करडईच्या तेलाची धार. सणाला गव्हाची गोड हुग्गी. अक्का वाढताना हाताला कधी विचारायची नाही, पण शिवायला बसली की एक टाका चुकला तर अख्खं पोतं उसवायला लावायची. गुणगुणणं कानडीत आणि शिव्या मराठीत. तिचा टाका तिचाच होता. भोकाच्या कडेनं तीन टाके पुढं, एक मागं, आणि दर चार बोटांवर आतल्या अंगाला गाठ. बाजारात बाकीचे सरळ टाका घालायचे, पटापट व्हायचं. अक्काच्या टाक्याला दुप्पट वेळ लागायचा. पण ते पोतं पुन्हा फाटलं तर दुसरीकडं फाटायचं, शिवलेल्या जागी नाही. मी सहा सालं तो टाका घातला. आजही गुडघ्यावर कापड घेतलं की हात आपोआप तीन पुढं, एक मागं जातो. डॉक्टरनं बारीक काम बंद करायला सांगितलंय, पण ते हाताला कळत नाही.

दुसरी विद्या भावाची. मोठा सौदा तोंडानं होत नसे. अप्पा खांद्यावरचं उपरणं समोरच्याच्या आणि आपल्या हातावर टाकायचे आणि उपरण्याखाली बोटांनी भाव चालायचा. तळहातावर जितकी बोटं टेकवली तितका आकडा. तो आकडा शेकड्याचा की रुपयाचा, ते आधी तोंडानं ठरवायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. हे परक्यांसाठी. घरच्या पोरांना अप्पा तम्मा म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि त्यांच्याशी तोंडानं बोलायचे, ओरडून बोलायचे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

दहावीनंतर पीयूसीला मी बसवकल्याणला वसतिगृहात राहायला गेलो. शनिवारी हुलसूरला यायचं, रविवारी पोती शिवायची, सोमवारी परत. दुसऱ्याच साली पाऊस गेला. त्या दुष्काळाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, भाकर खाल्ली त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून ती चव कळत नाही. वसतिगृहाच्या विहिरीचा तळ दिसला, खानावळ बंद झाली, पोरांना घरी जायला सांगितलं, आणि मग कॉलेजही काही महिने बंद राहिलं. मी आधी हुलसूरला गेलो. अप्पांनी खरेदी थांबवली होती. दाभणांना तेल लावून ती डब्यात ठेवलेली.

"अप्पा, आत्ता पोती फुकट मिळायलीत. घिऊन ठिवू."

"धान न्हाई तर पोतं कशाला?"

"पाऊस यील की कधीतरी."

"तम्मा, कधीतरी ह्या दिवसाचा बाजार कुठल्याच गावात भरत न्हाई. जा, पुस्तक वाच."

ते त्या दिवसांत तोंड वर करून कुणाशी बोलत नव्हते, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की मला सुचलेलं अप्पांना सुचलं नाही. मी परत बसवकल्याणला आलो. माझ्या खोलीतला खंडू, मादन हिप्परग्याचा, तोही घरी गेला नव्हता, कारण घरी खाणारं आणखी एक तोंड नको होतं. वसतिगृहाच्या शिपायानं आम्हाला राहू दिलं. आम्ही आपापल्या गावाहून पीठ आणायचो आणि दगडांच्या चुलीवर भाकरी करायचो. खंडूची भाकर नकाशासारखी व्हायची.

तहसील कचेरीसमोर रोज माणसांची रांग असायची. दुष्काळी कामावर नाव घालायला, चाऱ्याला, रेशनला, प्रत्येकाला अर्ज लागायचा, आणि अर्ज कानडीत. आमच्या भागातली माणसं तीन भाषांत भांडतील, चौथ्या भाषेत शिव्या देतील, पण कानडी लिहायचं म्हणलं की गप्प. एक अर्जनवीस होता, तो मागेल तेवढे पैसे घ्यायचा. आम्ही दोघं शाळेत कानडी शिकलेलो. पहिल्या दिवशी एका म्हातारीचा अर्ज मी असाच लिहून दिला. ती कनवटीला हात घालायला लागली आणि थांबली.

"पैशे न्हाईत रे लेकरा."

"घरात फाटकं पोतं हाय का, आजी?"

"हाय की. कुत्रं निजायलंय त्याच्यावर."

"तेच आणा. कुत्र्याला सांगा, पाऊस पडल्यावर नवं दिऊ."

दुसऱ्या दिवशी तिनं पोतं आणलं आणि तिच्या गल्लीतल्या सात बायका आणल्या, प्रत्येकीच्या काखेत एकेक पोतं. तिथून ते सुरू झालं. एका अर्जाला एक पोतं. मोठा अर्ज, ज्याला जमिनीच्या उताऱ्यासारखा एखादा कागद जोडायचा, त्याला दोन. खंडूचं अक्षर मोत्यासारखं म्हणून तो लिहायचा आणि मी गिऱ्हाईक आणायचो, पोतं पारखायचो आणि घासाघीस करायचो. हो, त्यातही करायचो. एका पाटलानं नुसत्या भोकांचं पोतं आणलं तर मी म्हणलं, एवढ्यात फक्त नाव लिहून मिळंल, गाव लिहायला दुसरं आणा. खंडू मागून मला चिमटे काढायचा. बंद पडलेल्या खानावळीत आम्ही पोत्यांची थप्पी लावली. दुपारी कचेरी बंद झाली की शिवायला बसायचो. खंडूला टाका मीच शिकवला. तीन पुढं, एक मागं, चार बोटांवर गाठ. दुसरा मला येतच नव्हता.

इथं एक गोष्ट मी शपथेवर लिहून ठेवतो. त्या महिन्यांत मी अप्पांच्या घरची एकही भाकर खाल्ली नाही. हुलसूरला गेलोच नाही. अट भाकरीची होती.

मध्येच एका पोराची आठवण सांगतो, कारण त्याच्यामुळंच हे प्रकरण लिहायला घेतलं. टाळेबंदीच्या साली गुलबर्ग्याला (कलबुर्गी म्हणायची जिभेला अजून सवय नाही) आमच्या वरच्या खोलीत एक आफ्रिकेतला विद्यार्थी भाड्यानं राहत होता. नाव चिनेदू, जात विचारली तर म्हणाला इग्बो. कॉलेज बंद, गावाकडून पैसे येणं बंद. महिनाभरात बघतो तर माझ्या जिन्यावर पोरांची रांग. सगळ्यांचे वर्ग फोनवर सुरू झालेले, फोन बिघडलेले आणि दुकानं बंद. हा दुरुस्त करून द्यायचा. पैसे नसतील त्यानं तांदूळ द्यावेत, डाळ द्यावी, जुना मेलेला फोन द्यावा. मेलेल्या तीन फोनांतून तो एक जिवंत करायचा आणि विकायचा. मी जिन्यात उभा राहून बघत बसायचो. एकदा त्यानं सांगितलं की त्यांच्याकडं पोरगं मालकाच्या घरी राहून पाचसहा वर्षं धंदा शिकतं, पगार घेत नाही, आणि शेवटी मालक त्याला स्वतःचं दुकान थाटून देतो. त्यांच्या मुलखात मोठी लढाई झाली, कुणाच्या हाती काही उरलं नाही, तेव्हा माणसं याच रीतीवर पुन्हा उभी राहिली, असं त्याचा आजा सांगायचा. मी खाली बसलोच. समुद्रापलीकडं कुणीतरी अप्पा होता म्हणायचा. मग त्या पोरानं त्याच्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "अंकल, तुमको मालिक बिठाया?"

मी त्याच्यावर ओरडलो. भाडं थकलंय ते आधी बघ म्हणलं. थकलं नव्हतं.

दुष्काळाच्या पुढच्या साली पाऊस आला. असा आला की मूग, उडीद काढायला माणसं मिळेनात, आणि तूर कमरेच्या वर गेली. सगळ्या बाजारांत एकच बोंब, पोतं नाही. दुष्काळात लोकांनी पोती जाळली होती, अंथरली होती, झोपड्यांना बांधली होती. अप्पांचं कोठार रिकामं. आमच्या खानावळीत मात्र छतापर्यंत थप्पी होती. सरळ जाऊन "अप्पा, हा माल घ्या" म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण मला ते नको होतं. मला अप्पांना बाजारात, सौद्यात, एकदा जिंकायचं होतं, आणि माझ्याशी त्यांनी सौदा केला नसता, तोंडानं ओरडून माल निम्म्यात घेतला असता. म्हणून मी खंडूला पाठवायचं ठरवलं. चार दिवस त्याला बोटं शिकवली. बैलगाड्या भाड्यानं केल्या. "आळंदकडचा माल, कमी करणार न्हाई, एवढंच बोल," असं पढवलं, आणि मी आदल्या दिवशीच हुलसूरला येऊन साळसूदपणे अप्पांच्या मागं उभा राहिलो.

खंडू आला. डोक्याला पटका बांधलेला, तो डोळ्यांवर घसरत होता. अप्पांनी वरचं एक पोतं उचललं, झटकलं, उलटं केलं. आतलं अंग उन्हात धरलं. मग अंगठा शिवणीवरून हळूहळू फिरवत नेला. दुसरं पोतं काढलं, तेही उलटं केलं.

"टाका चांगलाय. कुणी शिवलंय?"

"आमच्या आईनं," खंडू म्हणाला.

"आईला सांगा, हात चांगला बसलाय म्हणून."

"शेकड्यावर बोलू," खंडूनं मी शिकवलं तसं म्हणलं. अप्पांनी उपरणं टाकलं. अप्पांचा सौदा म्हणजे निदान अर्धा घंटा, मध्ये तीन वेळा उठून जायचं, एकदा रुसायचं. खंडूनं बोटं टेकवली असतील नसतील, तोच अप्पांनी उपरणं काढलं आणि म्हणाले, "उतरवा माल." खंडूच्या तोंडाकडं बघून मला कळलं, त्यानं पहिला, सगळ्यात वरचा आकडा सांगितला होता आणि तोच मान्य झाला होता. मी अप्पांच्या पाठीमागं उभा राहून माझी पोती माझ्याच हातानं मोजून घेतली. त्या दिवसासारखा आनंद मला पुढं कधी झाला नाही. पेट्रोलपंप घेतला तेव्हाही नाही.

पाडवा आला. माझी सहा सालं भरली होती. गादीचा कापूस पिंजायला पिंजारी आला नाही. अप्पांनी कुठं जागा बघितल्याचं कानावर नाही. पाडवा गेला. मी आठ दिवस दात दाबून काढले आणि बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर दहाबारा माणसं असताना विचारलं. एकांतात विचारायला हवं होतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझा स्वभाव एकांतातला नव्हता.

"अप्पा, माझी गादी कधी?"

"तुझी तर बसली की, तम्मा. माल जमवलास, गिऱ्हाईक धरलास, मनासारखा भाव घेतलास. आता आजून कसं बसत्यात?"

माझे कान तापले. "मी तवा तुमच्या घरची भाकर खात न्हवतो."

"म्या कुठं म्हणलं खात हुतास?"

"मग कामून?"

"धंदा केलास त्याचं काय न्हाई. दुष्काळात केलास, माझ्याहून शहाणा निघालास. पण माझ्या पाठीमागं उभारून दुसऱ्याच्या तोंडानं मला भाव सांगितलास. सोता आला असतास तर भांडलो असतो की तुझ्यासंगं."

"आन तुमी? टाका वळखलात तर तिथंच का बोललात न्हाई? इतके दिवस मला मूर्खावानी फिरू दिलात."

"आईचा हात चांगलाय म्हणलो की."

माणसं हसली. माझ्यावर हसली. आतून अक्का म्हणाली, "पुरं करा आता दोघंबी, लोकं बघायलेत." अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या उजव्या हातावर पसरलं आणि तो हात माझ्यापुढं केला.

"ये. करू सौदा."

सहा सालांत माझ्यापुढं उपरणं कधी आलं नव्हतं. उपरणं परक्याला. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की भर बाजारात मला परका केला. मी हात दिला नाही. ते उपरणं धरलं आणि ओढून खाली टाकलं.

चालू सौद्यावरचं कापड ओढणं म्हणजे माणसाचं धोतर ओढण्यासारखं. अप्पांचा हात तसाच पुढं होता, उघडा. चार बोटं सरळ आणि अंगठा आत मिटलेला. ते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. मग बोटं मिटली, वाकून उपरणं उचललं, झटकून खांद्यावर टाकलं आणि माझ्या शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमाला किती पायजेत?"

अक्कानं माझी पत्र्याची पेटी ओट्यावर आणून ठेवली. तिनं ती का बाहेर काढली, मला जायला सांगायला की मी जाणारच हे तिला कळलं म्हणून, ते मी विचारलं नाही. खंडूच्या गावी हिप्परग्याला पोचून पेटी उघडली तर कपड्यांवर दशम्यांचं गाठोडं होतं आणि त्यात तिचं स्वतःचं दाभण.

चार काय, हा प्रश्न मी आयुष्यभर चघळला. आकडा कशाचा ते तोंडानं ठरलंच नव्हतं. चार गाड्या माल? मग सायबण्णा, मैनोद्दीनला एकेकच मिळाली होती. चारशे रुपये? की आणखी चार सालं थांब म्हणत होते? कधी वाटतं, परक्याला तसं बरोबरीच्या व्यापाऱ्यालाही उपरणंच असतं, आणि मी तापट डोक्यानं नको ते वाचलं. पण मग लगेच दुसरं वाटतं. एवढं होतं तर तोंडानं सांगायला काय झालं होतं? पोराला कळंल अशा भाषेत मोठ्यानं सांगावं. चिनेदूला मी नंतर एकदा सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, त्यांच्याकडंही काही मालक शेवटच्या सालाला पोरावर चोरीचा आळ घेतात आणि हाकलून देतात, दुकान द्यायला नको म्हणून. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी म्हणलं, अप्पांनी आळ घेतला नाही. हे म्हणताना मला पुन्हा राग आला, कारण घेतला असता तर सोपं झालं असतं.

हिप्परग्यात खंडूच्या चुलत्याच्या ओट्यावर मी धंदा मांडला. गादी नव्हती. दुमडलेल्या पोत्यावर बसलो. पहिलं गिऱ्हाईक आलं त्यानं भाव पाडून मागितला, मी त्याला चार शब्द सुनावले, तो उठून गेला, आणि पहिल्या दिवशी भवानी झालीच नाही. खंडू म्हणाला, "नरश्या, पोती ईक, राग नगो इकू." पुढं त्यानं शिकून मास्तरकी धरली. मी राहिलो. आज प्लास्टिकच्या थैल्यांनी तो धंदा संपवलाय, पण माझं सगळं त्यातूनच उभं राहिलंय. माझ्या हाताखाली शिकलेल्या सात पोरांना मी दुकानं थाटून दिली. प्रत्येकाला आठ दिवस आधी, माणसांत, मोठ्यानं सांगितलं की काय देणार.

अप्पा मला त्यानंतर एकदाच भेटले. तीनचार सालं झाली असतील. भालकीला एका गिरणीतला जुन्या पोत्यांचा मोठा ढीग निघाला होता आणि घेणारे आम्ही दोघंच. आडत्याच्या एका हाताला अप्पा, दुसऱ्या हाताला मी, वर उपरणी, आणि एकाचा आकडा तो दुसऱ्याच्या तळहातावर टेकवायचा. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. ते वाढवतील तसा मी वाढवत गेलो. माल कितीचा आहे हे मला कळत होतं आणि तरी बोटं थांबत नव्हती. शेवटी अप्पांनी हात काढून घेतला. माल माझा झाला. ते जाताना माझ्या बाजूनं गेले आणि पुढं बघतच म्हणाले, "लई महाग घेतलास. आभाळ भरायलंय, भिजला तर मातीमोल. आज दुपारच्या आत काढ. उदगीरचा माणूस आलाय, घंट्याभरात जायलाय त्यो."

व्यापारी व्यापाऱ्याला असं सांगत नाही. मी चडफडलो, आणि मग पळत जाऊन उदगीरच्या माणसाला गाठलं. फायदा झाला नाही, पण बुडालो नाही. तीन वाजता पाऊस आला.

स्टँडवर अप्पा बाकड्यावर बसले होते, हुलसूरच्या गाडीची वाट बघत. माझं पुढं होऊन बोलायचं धाडस झालं नाही, चार काय तेही विचारायचं झालं नाही. मी टपरीवर दोन चहा घेतले, एक त्यांच्या शेजारी बाकड्यावर ठेवला आणि माझा घेऊन खांबाला टेकून उभा राहिलो. त्यांनी तो हळूहळू प्याला. कप खाली ठेवला.

"केवढ्याला हाय रे चहा?"

"तीस पैशे."

"भालकीत वीसला मिळतोय. तुला फशिवलं."

"वीसला पाणी मिळतंय, अप्पा. हा दुधाचाय."

"दूध म्हशीनं बघितलं बी नसंल. बावीस."

"तीस म्हणजे तीस."

"पंचवीस घे. गाडी आली."

गाडी खरंच आली होती. गादीवर बसणाऱ्या पोरानं नमायचं नसतं, तरी मी पंचवीसला हो म्हणालो. त्यांनी कनवटीची पिशवी सोडून नाणी माझ्या तळहातावर एकेक करून ठेवली, पाण्यातून धोतर आवरत गेले आणि गाडीत चढले. पाच पैसे सोडले मी त्या दिवशी.